‘फक्त दाखव’ शेवटी लिहिणारा माणूस

१. रिकामा खण

बुधवारी सकाळी सव्वादहाला आमच्या ऑफिसातून एका बाईंचा आवाज नाहीसा झाल्याचं उघडकीस आलं.

बाई शाबूत होत्या. आवाज मात्र दोन ठिकाणांहून गेला होता. आधी त्यांच्या घशातून, कारण डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढून सहा महिने मौन सांगितलं होतं. आणि मग आमच्या सर्व्हरवरून. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस गरम पाणी पीत पीत त्यांनी तो तिथे साठवून ठेवला होता.

आम्ही लिफ्टला बोलायला शिकवतो. ‘चौथा मजला.’ ‘दरवाजा बंद होत आहे.’ ‘वजन जास्त झाले आहे’ हे ऐकून आतले लोक सर्वात जाड माणसाकडे बघतात, ते वाक्यही आमचंच. यंदा एका मोठ्या हॉस्पिटलच्या बेचाळीस लिफ्टसाठी तीनशे चाळीस वाक्यं करायची होती. ती झाली होती. आता नव्हती.

आमच्या फायली एक टूल सांभाळतं. ऑफिसात सगळे त्याला कपाट म्हणतात. कपाटात ठेवलेल्या फायलीची प्रत्येक जुनी अवस्था त्याच्या लक्षात असते, आणि कोणी कधी काय बदललं हे ते नावानिशी सांगतं. न ठेवलेल्या फायलींबद्दल मात्र त्याला काडीची माया नाही. त्या बाहेर ‘कच्चे’ नावाच्या खणात पडून असतात. कपाटाला ‘झाड कच्चे’ असा हुकूम दिला की खण साफ. त्याच हुकमाला ‘फक्त दाखव’ हा ऑप्शन जोडला तर ते काही झाडत नाही, काय काय झाडलं गेलं असतं त्याची नुसती यादी देतं. खरे हुकूम इंग्रजीत असतात, पण इथे सगळ्यांना त्रास कशाला.

कपाटाच्या नोंदवहीत कोणता हुकूम पार पडला एवढंच येतं, तो टाइप कसा केला ते नाही. तिथे लिहिलेलं होतं: मंगळवार, दहा बेचाळीस, झाड कच्चे. हुकूम देणारे: मास्तर.

मास्तर म्हणजे आमचे आवाज-संपादक. वय छप्पन्न, पूर्वी शाळेत गाणं शिकवायचे. साहेबांनी त्यांना बोलावलं, दार लावलं, आणि सात मिनिटांनी दार उघडलं तेव्हा ठरलेलं होतं की गुरुवारी चार वाजेपर्यंत मास्तरांनी राजीनामा द्यायचा.

मी सर्व्हरवाला. मला घाम फुटला. पण ऑफिसात कोणाचा डबा सांडला तरी मला घाम फुटतो, त्यामुळे तो कोणी पुरावा म्हणून धरला नाही.

२. पासवर्ड नसलेली बाई

चौकशी करायची हे मास्तरांच्या हट्टामुळे ठरलं. मी झाडलं नाही, मी फक्त बघितलं, एवढंच ते परत परत सांगत होते. साहेबांचं म्हणणं होतं की चौकशी निःपक्षपाती माणसाने करावी, आणि ज्याच्याकडे लॉगिन आहे तो प्रत्येक जण संशयित. या न्यायाने ऑफिसात एकच निर्दोष व्यक्ती उरली. ती माझी आत्या.

आत्याने बत्तीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. निवृत्तीनंतर आमच्या ऑफिसची कागदपत्रं बघते. तिला कॉम्प्युटर दिलेला आहे, त्यावर ती फुलदाणी ठेवते. मला ही नोकरी तिच्याच शब्दावर मिळाली, आणि म्हणूनच ऑफिसात ती मला अहो-जाहो करते, कोणी नातं काढू नये म्हणून. घरी आली की ‘गाढवा’ म्हणते. मला दुसरं जास्त सुरक्षित वाटतं.

“सर्व्हरवाले,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्याबरोबर बसा. मला यातलं कळत नाही. मी विचारीन, तुम्ही समजावून सांगायचं आणि लिहून घ्यायचं.”

मी वही घेतली. पहिल्या पानावर तारीख दोनदा चुकली. याचाही कोणी पुरावा म्हणून विचार केला नाही.

३. दुपारपर्यंत तीन कबुल्या

गुरुवारी सकाळी पहिली आली शंका. तिचं खरं नाव मस्टरवर आहे, पण ती टेस्टर आहे आणि कशावरच विश्वास ठेवत नाही, त्यामुळे हेच नाव चिकटलं. आत्याने फक्त विचारलं, बसायला जागा ठीक आहे ना? एवढ्यावर शंका रडायला लागली. तिच्या जागेवर एसीचं वारं पोचत नाही, म्हणून ती तीन आठवडे एका डिस्कची वायर काढून तिथे छोटा पंखा लावत होती. ती डिस्क बॅकअपची होती. आवाजाची दुसरी प्रत का नाही, हे कोडं सुटलं. पहिली प्रत कशी गेली ते राहिलं.

मग साहेब. आमच्याकडे नियम आहे की साहेबांनी ऐकून मान हलवल्याशिवाय रेकॉर्डिंग कपाटात जात नाही. तोवर ते कच्च्या खणात पडतं. आत्याने विचारलं, मान का हलली नाही. साहेबांनी पेपरवेट फिरवायला घेतलं. शेवटी त्यांनी कबूल केलं की अकरा दिवस ते सगळ्यांना ‘ऐकतोय, ऐकतोय’ सांगत होते आणि एकही वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांना लिफ्टची भीती वाटते. ते पाच मजले जिन्याने येतात. ‘दरवाजा बंद होत आहे’ नुसतं ऐकलं तरी छातीत धडधडतं. लिफ्टच्या आवाजांच्या कंपनीच्या मालकाने हे कोणाला सांगायचं?

मी लिहिलं: साहेब, जिना.

तिसरे मास्तर. त्यांनी सोबत एक पुठ्ठा आणला होता, बिस्किटाच्या खोक्याचा, कडेला चिकटपट्टी. तो त्यांच्या स्क्रीनच्या खाली चिकटवलेला असायचा. त्यावर निळ्या अक्षरात एकच ओळ: झाड कच्चे --फक्त-दाखव.

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या आधीच्या सर्व्हरवाल्याने त्यांना चार वर्षांपूर्वी ही ओळ लिहून दिली. कच्च्या खणात कोणकोणती वाक्यं साहेबांसाठी थांबली आहेत हे बघायचं असलं की ही टाइप करायची. म्हणजे घरात किती सामान आहे हे मोजायला झाडू हातात घ्यायचा, पण मारायचा नाही. याहून साधी पद्धत आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. दर मंगळवारी ते हे करत. या मंगळवारीही यादी आली, नेहमीसारखीच लांबलचक. ते चहा प्यायला गेले.

वेगळं काहीच दिसलं नाही का, आत्याने विचारलं.

नाही, नावं हिरवी आली एवढंच, ते म्हणाले. पूर्वी वरती एक पिवळी ओळ यायची, इंग्रजीत. ती बऱ्याच महिन्यांपूर्वी गेली. बरंच झालं, डोळ्यांना त्रास व्हायचा.

मी लिहिलं: पिवळी ओळ. आत्याने वही ओढून त्याखाली रेघ मारली. मला वाटलं, पेन चालतंय का बघते आहे.

मग मास्तर थोडे पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, खरं सांगू? काल रात्रीपासून मलाच खात्री वाटत नाही. मी शेवटचं ते लिहिलं होतं की लिहायचं राहिलं? माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते म्हणायचे गॅस बंद केला. आम्ही जाऊन बघायचो तर चालू. नोकरीचं सोडा. पण असं असेल तर घरी सांगावं लागेल ना.”

आत्याने त्यांना पाणी दिलं. जाताना ते म्हणाले, लिहून टाका, माझ्याच हातून झालं.

दुपारी एक वाजता आमच्याकडे तीन कबुल्या होत्या, आणि चोर एकही नव्हता.

४. नक्कल म्हणजे नक्कल

आत्या म्हणाली, मला करून दाखवा.

मी ‘नमुना’ नावाचा एक खण बनवला आणि त्यात दहा भाकड फायली टाकल्या. हुकूम टाइप केला. यादी आली, दहाच्या दहा नावं. खण उघडला, दहाही फायली जागेवर. म्हणजे ऑप्शन नीट चालतो आहे. म्हणजे मास्तरांनी तो लिहिलाच नव्हता.

आत्याने शंकाला बोलावून तिच्याकडूनही करून घेतलं. यादी आली, फायली जागेवर. शंका म्हणाली की तिचा या निकालावर विश्वास नाही, पण ती तसं नेहमीच म्हणते.

“आता पुठ्ठ्यावरची ओळ टाका,” आत्या म्हणाली.

मी म्हटलं, तीच तर टाकली.

“नाही. पुठ्ठ्यावर ‘फक्त दाखव’ शेवटी आहे. तुम्ही दोघांनी ते मध्ये लिहिलं, नमुन्याच्या आधी.”

मी तिला समजावून सांगितलं की आत्या, म्हणजे मॅडम, ते एकच असतं. आधी लिहा, नंतर लिहा, कपाटाला समजतं. नवीन शिकलेले आधी लिहितात, जुने लोक शेवटी. सवयीचा प्रश्न.

“रेकॉर्ड रूममध्ये नक्कल म्हणजे नक्कल,” ती म्हणाली. “नक्कल करणाऱ्याला जे एकच वाटतं ते लिहायचं नाही. जे आहे ते लिहायचं.”

मी टाइप केलं. झाड नमुना --फक्त-दाखव. यादी आली, दहाच्या दहा नावं, अगदी मघासारखी.

खण उघडला.

खण रिकामा होता.

शंकाने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. आत्या एकटीच कुठेच बघत नव्हती. ती चष्मा पुसत होती.

मी कपाटाच्या नव्या आवृत्तीसोबत आलेलं बदलांचं पत्रक उघडलं. असं पत्रक कोणीच वाचत नाही, मीही आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होतो. तिसऱ्या पानावर होतं: यापुढे ऑप्शन खणाच्या नावाआधीच लिहावा. नावानंतर जे काही येईल ते सगळं खणांचंच नाव समजलं जाईल. म्हणजे मास्तरांचं ‘फक्त दाखव’ वाचून कपाटाला वाटलं, हाही एक खण आहे, तोही झाडायचा आहे. शोधला, सापडला नाही, सोडून दिला. आणि जो सापडला तो इमानदारीत झाडून टाकला.

मास्तरांनी बरोबर लिहिलं होतं. चार वर्षं जे बरोबर होतं तेच.

“म्हणजे टूल बदललं,” आत्या म्हणाली. “कोणीतरी ते बदललं, आणि कोणाला सांगितलं नाही. शिवाय एवढा मोठा बदल करणारे लोक आधी बजावल्याशिवाय करतील असं मला वाटत नाही. ते बजावणं कुठे गेलं? सर्व्हरवाले, हे दोन्ही शोधून मला चार वाजता साहेबांच्या खोलीत सांगा.”

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला काहीच शोधायचं नव्हतं.

५. शोध

नवी आवृत्ती सोमवारी संध्याकाळी मी टाकली होती. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो: नव्या आवृत्तीत यादीतली नावं हिरव्या रंगात येतात. मला हिरवा आवडतो.

आणि पिवळी ओळ. सात महिन्यांपूर्वी मास्तर माझ्या टेबलाशी आले होते. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून आणला होता, तोही प्रिंट करून. त्यांनी मला विचारलं, अरे, हे काय म्हणतंय? त्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की तुम्ही ऑप्शन शेवटी लिहिता, पुढच्या आवृत्तीत हे चालणार नाही, सवय बदला. सगळ्या ऑफिसात ती एकट्या मास्तरांना दिसायची, कारण शेवटी लिहिणारे ते एकटेच होते. कपाट सात महिने आधी, नेमक्या त्याच माणसाला, नेमकी तीच गोष्ट सांगत होतं. तो माणूस ते वाचता यावं म्हणून माझ्याकडे आला होता. मी जेवत होतो. मी म्हणालो, काही नाही हो, कटकट आहे, बंद करून टाकतो.

आणि केली. सगळ्यांच्या सामाईक सेटिंगमध्ये एक ओळ घातली: सूचना बंद. ते सेटिंग अर्थातच कपाटात ठेवलेलं असतं, आणि कपाट काही विसरत नाही. नोंद उघडली तर तारीख होती, माझं नाव होतं, आणि बदलाचं कारण म्हणून मी स्वतः लिहिलेलं वाक्य होतं: ‘मास्तरांची कटकट बंद.’

गुन्हेगाराने गुन्ह्याच्या जागी सही करून, वर शेराही मारून ठेवला होता.

जुनी नोंद बदलायचाही हुकूम कपाटाला आहे. तो मला येतो, ऑफिसात मलाच येतो. मी तो टाइप केला. ‘फक्त दाखव’ आधी लिहिलं. दोनदा तपासलं. हातात चाकू घेऊन आधी पट्टी बांधणाऱ्या माणसासारखा मी वागत होतो. उत्तर आलं: एक नोंद बदलेल, नाव पुसलं जाईल. हिरव्या रंगात. रंग खरंच सुरेख होता.

आता फक्त ऑप्शन काढून परत एंटर दाबायचं होतं.

तेवढ्यात मास्तर आले. हातात कागद होता. त्यावर त्यांनी पेनाने पुठ्ठ्यावरची ओळ लिहून काढली होती, साठ-सत्तर वेळा, शाळेतल्या शिक्षेसारखी. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘फक्त दाखव’ होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

“हे बघ,” ते म्हणाले. “लिहिताना चुकत नाही. मग मंगळवारीच कसं चुकलं? तुझ्या ओळखीचा कोणी मेंदूचा डॉक्टर आहे का रे? तुमच्या आत्याबाईंना विचारायला बरं वाटत नाही.”

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, बघतो. माझ्या आयुष्यात मी बोललेलं हे सर्वात घाणेरडं वाक्य आहे, आणि मी लिफ्टच्या कंपनीत असल्यामुळे ‘कृपया दुसरी लिफ्ट वापरा’ हेही लिहिलेलं आहे.

ते गेले. जाताना राजीनाम्यासाठी कोरा कागद माझ्याच प्रिंटरमधून घेऊन गेले.

मी हुकूम पुसला.

६. दोन गुन्हेगार, एक खुर्ची

चारला साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. टेबलावर मास्तरांचं पत्र होतं, सहीसकट.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सोमवार, हिरवा रंग, पिवळी ओळ, जेवण. नोंदीचा प्रिंट टेबलावर ठेवला. बोलताना मास्तरांकडे बघवलं नाही, म्हणून पेपरवेटकडे बघून बोललो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे अडचणीचं आहे. गुन्हेगार तर आधीच ठरलेला आहे, त्याने लिहूनही दिलं आहे. शिवाय हा पोरगा गेला तर सर्व्हर कोण बघणार? मास्तर तसेही दोन वर्षांत निवृत्त होणार. हॉस्पिटलला कोणीतरी एक नाव कळवायचं आहे, ते कळवून टाकू. त्यांनी हे अगदी मऊ आवाजात सांगितलं, वजन जास्त झाल्यावर बोलणाऱ्या लिफ्टसारखं.

मी म्हणालो, नाव माझं कळवा. ते म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नका.

मग आत्याने आपला कागद काढला.

“मी तारखेप्रमाणे लावलं आहे,” ती म्हणाली. “सात महिन्यांपूर्वी सूचना बंद केली, ते सर्व्हरवाले. तीन आठवड्यांपूर्वी बॅकअपची वायर निघाली, ती या मुलीने काढली. अकरा दिवस रेकॉर्डिंग बाहेर पडून राहिलं, ते साहेब, तुमच्यामुळे. सोमवारी टूल बदललं, परत सर्व्हरवाले. मंगळवारी मास्तरांनी चार वर्षं जे केलं तेच केलं. या यादीत काहीच न चुकलेला माणूस एकच आहे, आणि पत्र त्याचंच घेतलं जातं आहे. हॉस्पिटलला एक नाव कळवायचं असेल तर माझी हरकत नाही. पण मग हा कागद सोबत जोडावा लागेल. अकरा दिवस का लागले तेही मी लिहिलं आहे. जिन्यासकट.”

साहेबांनी पेपरवेट खाली ठेवलं.

कागदावर माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं मला दिसलं. तिला पिवळी ओळ ऐकली तेव्हाच कळलं होतं. ते दोन तास तिने मला दिले होते ते मी स्वतःहून सांगावं म्हणून, शोधायला नव्हे. तिने पर्समधून पेन काढून माझं नाव पक्कं केलं आणि खाली अजून एक ओळ लिहिली: चौकशी करणारीचे आरोपीशी नाते, भाचा. मग माझ्याकडे वळून ऑफिसात पहिल्यांदाच म्हणाली, “तू बाहेर थांब. मला तुझ्याकडे बघवत नाही आत्ता.”

मी दाराकडे निघालो तेव्हा मास्तर बोलले.

“म्हणजे मी लिहिलं होतं?”

मी म्हणालो, हो. बरोबर लिहिलं होतं.

“शेवटी?”

“शेवटी. नेहमीसारखं.”

त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग टेबलावरून आपलं पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिवी दिली असती तर मी जपून ठेवली असती. त्यांनी खिशातून फोन काढला, घरी लावला, आणि एवढंच म्हणाले की डॉक्टर नको, मी ठीक आहे, येताना काय आणू.

७. चौथा मजला

सर्व्हरच्या किल्ल्या शंकाकडे गेल्या. ती रोज मला विचारते की मी दिलेला पासवर्ड खराच आहे का, आणि दर वेळी बदलते. साहेबांनी हॉस्पिटलला फोन करून ‘आमच्याकडून झालं’ असं सांगितलं, कोणाचंच नाव न घेता, आणि पंधरा दिवस मागून घेतले. पंधरा दिवसांत नवा आवाज कुठून आणायचा, हे त्यांनी ठरवलं नाही. ते मास्तरांनी ठरवलं.

त्याआधी मी बाईंच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी पाटी कोरीच ठेवली आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्या पाटीवर काय होतं याचा मी अजून विचार करतो. तिथे कपाट असतं तर जुन्या अवस्था बघता आल्या असत्या.

आता मी रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत बसतो. समोर माइक, हातात तीनशे चाळीस वाक्यांचा कागद. बाहेर मास्तर, कानांवर हेडफोन. गेले सहा दिवस ते माझ्याशी कामाव्यतिरिक्त अवाक्षर बोललेले नाहीत.

मी गरम पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, “चौथा मजला.”

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग बटण दाबलं, आणि त्यांचा आवाज माझ्या कानात आला.

“असं ओशाळून काय सांगतोस. लिफ्टने काही केलेलं नाही. पुन्हा.”